आबारावांच्या डोळ्यातला वडस

मित्रांनो, जरा वेळ माझ्याबरोबर एक कल्पना करा. येडशीच्या पलीकडचा उघडा माळ आहे. चैत्र संपत आला आहे. झाडं आहेत, पण ती बाभळीची. त्यांची सावली चाळणीतून गाळल्यासारखी पडते. टेकडीवर पवनचक्क्यांची पाती सावकाश फिरत आहेत. जो वारा त्यांना फिरवतो, तोच तुमच्या तोंडावर बारीक माती आणून टाकतो. तुम्ही त्या माळावर उभे आहात. डोक्यावर काही नाही. बसायचं नाही, वळायचं नाही, घरी जायचं नाही. दिवस मावळेपर्यंत उन्हाकडं तोंड करून उभं राहायचं. उद्या पुन्हा तिथंच. परवाही तिथंच.

नुसत्या कल्पनेनं दमलात ना? मी तसाच उभा आहे. फार वर्षं झाली.

मी एक जुना वडस आहे.

हा शब्द तुमच्यापैकी काहींनी घरातल्या मोठ्या माणसांकडून ऐकला असेल. कुणी मला नाखुना म्हणतं, कुणी नुसतं डोळ्यात मांस वाढलंय म्हणतं. डोळ्याच्या पांढऱ्या भागावरून काळ्या बुबुळावर चढत जाणारा लालसर, त्रिकोणी पडदा म्हणजे मी. माझा पसारा नाकाच्या बाजूला आणि टोक बुबुळावर. दुरून पाहिलं तर माशीचा पंख चिकटून बसल्यासारखा दिसतो.

ज्यांच्या डोळ्यात मी राहतो ते आबाराव. ते शेळ्या राखतात. त्यांचा डावा डोळा लहानपणीच बाभळीच्या काट्यानं गेला. त्यांना जग दाखवणारा डोळा एकच, उजवा, आणि नेमका त्यावर मी वाढलो. हे सुरुवातीलाच सांगून ठेवतो, कारण पुढची सगळी गोष्ट त्या एका डोळ्याची आहे.

मी पहिल्यापासून वडस नव्हतो. बुबुळ जिथं संपतं आणि पांढरं जिथं सुरू होतं, तिथं एक बारीक गोल कड असते. आरशात नीट पाहिलं तर तुम्हालाही दिसेल. दोन शेतांच्या मधे बांध असतो ना, तशी ती कड. बांधाच्या आत बुबुळावरचा पडदा, काचेसारखा आरपार. त्यात रक्ताची एकही नळी नाही, म्हणून तर त्यातून उजेड आत जातो. बांधाच्या बाहेर पांढऱ्यावरची पातळ कातडी, तिच्यात रक्ताच्या नळ्यांचं जाळं. बाहेरच्यांनी आत शिरायचं नाही, हा डोळ्याचा नियम आहे. तो पाळला जावा म्हणून बांधावर राखणदार पेशी असतात. मी त्यांच्यातला एक होतो.

पेशी म्हणजे काय, तर ज्या बारीक विटांनी आपलं सगळं अंग बांधलेलं असतं त्यातली एक वीट. फक्त ही वीट जिवंत असते. ती खाते, वाढते, आपल्यासारखी दुसरी वीट घडवते आणि वेळ झाली की गळून पडते. गळून पडणं हेही तिचं कामच आहे. तुमच्या अंगावरून रोज कितीतरी पेशी गळतात आणि तुम्हाला त्याचा पत्ताही लागत नाही, इतक्या त्या शहाण्या असतात.

त्यांना ते शहाणपण कोण देतं? प्रत्येक पेशीच्या आत एक प्रथिन असतं. शास्त्रज्ञांनी त्याला अक्षर आणि आकडा मिळून नाव दिलं आहे, ते तुम्ही वरच्या वर्गात शिकाल. त्याचं वागणं घरातल्या वडीलधाऱ्या माणसासारखं असतं. पेशीला इजा झाली की ते म्हणतं, थांब, आधी दुरुस्ती कर. दुरुस्ती होण्यासारखी नसेल तर म्हणतं, पुरे झालं आता, तू गळून जा, तुझ्यासारख्या बिघडलेल्या आणखी पेशी घडवू नकोस.

आणि पेशी ऐकते.

आता ऊन. उन्हात डोळ्यांना न दिसणारे किरण असतात. अतिनील किरण म्हणतात त्यांना. आबाराव पोरवयात शेळ्यांमागं निघाले तेव्हापासून ते किरण रोज थोडे थोडे माझ्या आत शिरत राहिले. माझ्या आत जो आराखडा होता, त्याचा एखादा टाका उसवायचा. मी शिवून घ्यायचो. पुन्हा उसवायचा, पुन्हा शिवायचो. मग शिवणं मागं पडू लागलं. आणि केव्हातरी, नेमकं केव्हा ते मलाही कळलं नाही, माझ्या आतल्या त्या वडीलधाऱ्याचाच आवाज बसला.

त्यानंतर मला कुणी थांब म्हणालं नाही. गळून जायची वेळ आली आणि मी गळलो नाही. माझ्यापासून दुसऱ्या पेशी झाल्या, त्याही गळल्या नाहीत. मित्रांनो, न संपणं ऐकायला बरं वाटतं. पण शाळा सुटायची घंटा वाजलीच नाही तर कसं वाटेल? दप्तर भरलेलं, दिवस मावळलेला, आणि तास चालूच. तसं ते असतं.

आमची दाटी झाली. दाटी झाली की भूक लागते. आम्ही आजूबाजूला रसायनांनी निरोप धाडले आणि रक्ताच्या नवीन नळ्या आमच्याकडं वळल्या. आमच्या खाली जे बळकट धागे होते, ते उन्हानं पिळवटून जुन्या कासऱ्यासारखे झाले होते. त्यांच्या जागी घाईनं नवीन धागे वाढले, तेही वेडेवाकडे. मग आमच्यातून असे रस पाझरू लागले की बुबुळावरचा गुळगुळीत थर थोडा थोडा विरघळला, आणि जिथं तो विरघळला तिथं आम्ही पाय ठेवला. ज्या बांधाची मी राखण करत होतो, तो मीच ओलांडला.

डॉक्टर सांगतात, हा कर्करोग नव्हे. खरं आहे ते. मी कुणाचा जीव घेत नाही. मी फक्त पुढं सरकत राहतो.

तुमच्या पुस्तकात जुनी खुर्ची, जुनं घड्याळ, जुना नांगर आपली कहाणी सांगतात, तेव्हा त्यांच्याजवळ सांगायला कौतुकाचे दिवस असतात. माझ्याजवळ तसा एकही दिवस नाही. माझ्या वाट्याला आली ती लोकांची बोलणी, आणि तीही आबारावांनी ऐकली.

लाल डोळा दिसला की लोक एकच अर्थ लावतात. आठवडी बाजारात नळदुर्गकडचा एक व्यापारी यायचा, महालिंगप्पा त्याचं नाव. माणूस वाईट नव्हता, पण तोंडाचा मोकळा. शेळीचे दात बघता बघता त्यानं एकदा आबारावांच्या डोळ्याकडं पाहिलं आणि म्हणाला, "काय आबाराव, दिस उगवायच्या आदीच घेतली व्हय?"

भोवतालची माणसं हसली. आबारावांच्या घरात दारूचा थेंब कधी आला नव्हता. विहारात पंचशील म्हणताना नशा न करण्याच्या पाचव्या शीलाला त्यांचा आवाज सगळ्यांत खणखणीत लागायचा. ते शांतपणे म्हणाले, "घेतली असती तर ही शेळी तुला फुकटच दिली असती की. सरक तिकडं."

आता महालिंगप्पाही हसला. सौदा नीट झाला. पण परतताना एसटीत शेजारच्या बाईनं त्यांच्या डोळ्याकडं पाहून आपलं मूल पलीकडच्या बाजूला घेतलं, तेव्हा आबाराव उठले आणि येडशीपर्यंत उभेच राहिले. मी त्यांच्या डोळ्यात होतो. तिथं काय दाटून आलं ते मला ठाऊक आहे.

पुढं डोळ्यांच्या एका शिबिरात मला कापून काढलं. त्या वेळी जी रीत होती तीच वापरली. मला खरवडून काढलं आणि ती जागा तशीच उघडी ठेवली. आबाराव खूश होते. पण बांधावरचे राखणदार भाजलेलेच होते आणि मोकळ्या जागेला माझी ओढ होती. थोड्याच दिवसांत मी परत आलो, पहिल्यापेक्षा जाड आणि लाल. तेव्हापासून आबारावांनी ठरवून टाकलं की वडस कापला की दुप्पट वाढतो, आणि या एका डोळ्याला पुन्हा सुरी लावून घ्यायची नाही.

मग त्यांनी स्वतःचा इलाज काढला. आता नीट ऐका, कारण अशी चूक शेळ्या राखणाऱ्या माणसाच्याच हातून होऊ शकते.

शेळ्यांचे डोळे बरे करण्यात आबारावांचं नाव होतं. आजूबाजूच्या वस्त्यांवरून लोक पाणावलेल्या डोळ्याची शेळी घेऊन त्यांच्याकडं येत. आबाराव खडीसाखर आणि तुरटी बारीक कुटत, फडक्यातून गाळत, आणि पपईच्या पानाच्या देठाची पोकळ नळी करून ती पूड शेळीच्या डोळ्यात फुंकत. काही दिवसांनी शेळी बरी होई. कदाचित पूड नसती फुंकली तरी ती बरी झाली असती, पण तसं कुणी करून पाहिलं नव्हतं. आबाराव म्हणाले, डोळा तो डोळा, शेळीचा काय आणि माणसाचा काय.

पण माणसाला स्वतःच्या डोळ्यात फुंकता येत नाही. म्हणून ते काम त्यांच्या नातीकडं आलं. नातीचं नाव दीक्षा. आईवडील दोघंही कामाला जात, आणि शाळा सुटली की ती आजोबांच्या अवतीभवती असे. डावीकडचं त्यांना दिसत नाही, म्हणून चालताना ती नेहमी त्यांच्या डाव्या बाजूला राही आणि त्यांचा डावा हात धरी. खड्डा आला की हात दाबी. हे तिला कुणी शिकवलं नव्हतं.

संध्याकाळी शेळ्या बांधून झाल्या की आबाराव अंगणात बाजेवर आडवे होत आणि दोन बोटांनी पापण्या फाकवून धरत. दीक्षा नळीत चिमूटभर पूड भरी.

"आबा, फुंकू?"

"फुंक."

आग आग होई. डोळ्यातून धार लागे. आबाराव उठून बसत, टॉवेलनं गाल पुसत आणि समाधानानं म्हणत, "बघ, पानी चाललंय. वितळायलाय त्यो."

मी वितळत नव्हतो. प्रत्येक फुंकरीला आमच्यात सूज यायची आणि रक्ताच्या आणखी नळ्या आमच्याकडं धावायच्या. आधीच न थांबणाऱ्याला कुणी मागून ढकलावं तसं होत होतं. पण खरं सांगतो, त्या मुलीचा मला कधी राग आला नाही. तिच्या श्वासाला चिंचेचा वास यायचा. पूड फुंकून झाली की ती पुन्हा एकदा हलकेच नुसती फुंकर घालायची, आग कमी व्हावी म्हणून. ती दुसरी फुंकर मला आठवते.

माझं टोक आता बाहुलीजवळ आलं होतं. बाहुली म्हणजे बुबुळाच्या मधला काळा गोल, उजेड आत जायचा दरवाजा. मी अजून दरवाज्यात शिरलो नव्हतो, पण मी बुबुळ एका बाजूनं ओढून धरलं होतं. ताणलेल्या कापडावरचं चित्र वाकडं दिसतं, तसं आबारावांना सगळं वाकडं दिसू लागलं. चंद्राला शेपूट दिसे. काळ्या शेळ्या एकमेकींत मिसळून एकच मोठी काळी शेळी होई. आबाराव हे कुणाला सांगत नव्हते. ते शेळ्यांना घुंगरावरून ओळखू लागले.

त्याच सुमारास दीक्षाच्या शाळेत मुलांचे डोळे तपासायला डॉक्टर आल्या. शिवांजली मॅडम असं त्यांचं नाव. भिंतीवरची अक्षरं वाचून झाल्यावर मॅडमनी विचारलं, कुणाला काही विचारायचं आहे का. दीक्षानं हात वर केला. तिनं विचारलं, वडस वितळायला किती दिवस फुंकावं लागतं?

मॅडमनी तिला जवळ बसवून सगळं ऐकून घेतलं. त्या रागावल्या नाहीत. त्यांनी एवढंच सांगितलं की अशा पुडीनं वडस वितळत नाही, उलट डोळा चिडतो, सुजतो, वडसाला वाढायला जोर मिळतो, आणि कधी बुबुळाला जखम होऊन डोळाही जाऊ शकतो.

हे सगळं मला कळलं ते त्या संध्याकाळी. आबाराव बाजेवर आडवे झाले होते, बोटांनी पापण्या फाकवून वाट बघत होते. दीक्षा नळी हातात घेऊन उभी होती, आणि नळी रिकामी होती.

"फुंक की," आबाराव म्हणाले.

ती फुंकेना. मग तिनं मॅडमचं बोलणं सगळं सांगितलं, एका दमात, पाठ केलेला धडा म्हणावा तसं. शेवटी तिनं विचारलं,

"आबा, म्हंजे मी फुंकत होते म्हणून वाढला का त्यो?"

आबारावांनी बोटं काढली. डोळा मिटला, आणि मी अंधारात गेलो. गोठ्यात एक शेळी खोकली.

"तुला फुंकायला कुणी सांगितलं?" आबारावांनी विचारलं.

"तुम्ही."

"मग चूक कुणाची?"

दीक्षानं पायानं माती उकरली. "तुमची न्हाय," ती म्हणाली.

"मग तुझी बी न्हाय. जा, हातपाय धू."

मित्रांनो, इथं मला साक्ष द्यायची आहे. त्या मुलीच्या फुंकरीनं माझा जन्म झाला नाही. ती जन्मायच्या कितीतरी आधी, तिचे आजोबा तुमच्याएवढे असताना, माळावरच्या उन्हात मी घडू लागलो होतो. पुडीनं मला चिडवलं, पण मला आणलं उन्हानं. तिला हे सांगता आलं असतं तर मी सांगितलं असतं. पेशीला तोंड नसतं.

फुंकणं त्या दिवसापासून बंद झालं. पण दवाखान्यात चला म्हटलं की आबाराव उठून शेळ्यांकडं जात. हा एकच हाय, एवढंच म्हणत. घरात कुणाचं काही चाललं नाही. दीक्षानं एकदोनदा हट्ट केला, मग तीही गप्प झाली.

गप्प झाली, पण तिनं पाहणं सोडलं नाही. आबाराव घुंगराचा आवाज ऐकून मग मान वळवतात, हे तिच्या ध्यानात आलं होतं. एक दिवस शाळा सुटल्यावर ती माळावर आली आणि वाटेवर दहा-बारा हातांवर उभी राहिली. हाक मारली नाही. हलली नाही. अंगावर शाळेचा निळा गणवेश होता. समोरून आबाराव येत होते, ऊन त्यांच्या उजव्या बाजूला उतरलेलं. ते थांबले. डोळा बारीक केला. मी आड आलो होतो, आणि मला बाजूला होता येत नव्हतं.

आबारावांनी आदरानं विचारलं, "कोन पाहुनी म्हनायची? कुनाकडं जायचंय बाई?"

दीक्षा चालत आली, डाव्या बाजूला गेली आणि त्यांचा हात धरला. हात ओळखीचा होता. आबाराव तिथंच उभे राहिले. शेळ्या पुढं निघून गेल्या, तरी त्यांनी त्यांना हाळी दिली नाही.

घर दिसू लागल्यावर ते म्हणाले, "त्या मॅडम कवा असत्यात?"

दवाखान्यात मॅडमनी यंत्रातून मला अगदी जवळून पाहिलं. इतक्या लक्षपूर्वक माझ्याकडं कुणी कधी पाहिलं नव्हतं. आधी कापून घेतलं होतं का, असं त्यांनी विचारलं.

"व्हय," आबाराव म्हणाले. "दुप्पट आला. म्हणून म्हंतो मॅडम, सुरी सोडून काय असंल तर बोला."

दीक्षानं मधेच विचारलं, वडस नाकाकडूनच का येतो, दुसरीकडून का येत नाही? मॅडमना तो प्रश्न आवडला असावा. त्यांनी खोलीतला दिवा बंद केला, छोटी बॅटरी आपल्याच कानशिलाजवळ धरली आणि दीक्षाला आपल्या डोळ्यात बघायला सांगितलं.

"उजेड हिकडं हाय," दीक्षा हळूच म्हणाली, "आन् चमकायलंय तिकडं, नाकापाशी."

मॅडमनी समजावून सांगितलं. बुबुळ भिंगासारखं फुगीर असतं. कानशिलाच्या बाजूनं आलेलं ऊन त्यातून वाकतं आणि नाकाकडच्या कडेवर गोळा होतं. भिंगानं कागद जाळतात तसं वर्षानुवर्षं तिथंच ऊन एकवटतं. समोरच्या उन्हाला माणूस डोळे बारीक करतो. बाजूचं ऊन गुपचूप येतं. त्या कडेवरच्या ज्या पेशी बाहेरच्या कातडीला अडवून धरतात, त्याच भाजतात. आणि साध्या पांढऱ्या टोपीला पुढं-बाजूला छज्जा नसतो, असं म्हणून त्यांनी आबारावांच्या मांडीवरच्या टोपीकडं बोट दाखवलं.

आबारावांनी टोपी उलटसुलट करून पाहिली. मग म्हणाले, "म्हंजे मागच्या बारीला शेळ्या हाकलल्या, पर कुंपन घातलं न्हाय."

मॅडम हसल्या. "अगदी तसंच. या वेळी कुंपण घालू. तुमच्याच वरच्या पापणीखालची पातळ कातडी काढून त्या जागेवर बसवायची. पापणीखालच्या त्या पेशींनी कधी ऊन पाहिलेलं नाही."

"आन् तरी आला तर?"

"येणारच नाही असं मी म्हणणार नाही, आजोबा. पण असं केल्यावर फार कमी जणांना येतो. आणि नाही काढला तर तो बाहुलीवर जाईल. मग काढला तरी डाग राहील."

"नात वळखू यील का मला, लांबून?"

"येईल. चष्मा लागेल कदाचित."

आबारावांनी मान हलवली. उठताना मॅडमनी सांगितलं की ती पूड शेळ्यांच्या डोळ्यांतही फुंकू नका, जनावरांच्या डॉक्टरांना दाखवा. यावर आबाराव फक्त म्हणाले, "ते बगू."

मित्रांनो, जुन्या वस्तू शेवटी तुम्हाला विनवतात, आम्हाला टाकू नका, जपा. माझं मागणं उलटं आहे. मला जपू नका. मला होऊच देऊ नका. उन्हात खेळा, उन्हात काम करावं लागलं तर तेही करा, पण डोळ्यांवर सावली येईल अशी छज्ज्याची टोपी घाला, आणि घरातल्या मोठ्यांनाही घालायला लावा. उन्हाचा चांगला चष्मा मिळाला तर तो लावा. डोळ्यात माती गेली तर स्वच्छ पाण्यानं धुवा, चोळू नका. आणि डोळ्यात कुणाचीही पूड, कुणाचाही रस घालून घेऊ नका, तो देणारा कितीही प्रेमाचा असला तरी.

मला काढतील तेव्हा वाईट वाटून घेऊ नका. मला थोडा वेळ सूक्ष्मदर्शकाखाली ठेवतील. तिथं माझे पिळवटलेले धागे दिसतील, गळायचं विसरून गेलेल्या पेशींची दाटी दिसेल. पाहणारा कुणीतरी म्हणेल, याला फार ऊन लागलंय. मग तास सुटेल. मी किती दमलो आहे ते तुम्हाला सांगितलंच आहे.

आज सकाळी आम्ही दवाखान्याला निघालो. दीक्षाची आई पिशवी घेऊन पुढं चालली होती. उद्या परीक्षेचा पेपर आहे, म्हणून दीक्षानं दप्तर बरोबर घेतलं होतं. वस्तीवरून एसटीच्या रस्त्याला जाणारी वाट उत्तरेकडं जाते, आणि सूर्य उजव्या हाताला नुकताच वर आला होता. आबारावांच्या डोक्यावर तीच पांढरी टोपी होती. छज्ज्याची टोपी शहरातून आणायची होती. कानशिलाकडून ऊन आलं, वाकलं आणि रोजच्यासारखं माझ्यावर गोळा झालं.

आबारावांनी सवयीनं डावा हात बाजूला केला. तो हात रिकामाच राहिला.

दीक्षा मागून फिरून त्यांच्या उजव्या बाजूला आली होती.

"हिकडं कुठं?" आबारावांनी विचारलं.

"ऊन हिकडून हाय," ती म्हणाली. "डावीकडं खड्डा आला तर सांगते मी."

चालता चालता तिनं दप्तरातून परीक्षेचा पॅड काढला आणि हात उंच करून तो आबारावांच्या कानशिलाशी धरला. ती बुटकी, म्हणून तिला टाचा उचलून चालावं लागत होतं. माझ्यावर सावली पडली. थोडं अंतर गेल्यावर तिचा हात भरून आला, तेव्हा तिनं पॅड दुसऱ्या हातात घेतला.